सुडाचा खर्च कोण भरतं?

डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेने युरोपला धडा शिकवायचं ठरवलं. भांडण कोंबड्यांवरून होतं. अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त कोंबडीमुळे आपले शेतकरी बुडतील म्हणून पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि त्यांच्या सामायिक बाजारपेठेतल्या देशांनी तिच्यावर जबर आयात शुल्क लावलं होतं. वाटाघाटी फिसकटल्या. तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी युरोपातून येणारी ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि छोटे ट्रक यांच्यावरचं शुल्क वाढवलं. ट्रकसाठी ते २५ टक्के ठरलं. नेम होता जर्मनीच्या फोक्सवॅगनवर, कारण तिच्या मालवाहू व्हॅन तेव्हा अमेरिकेत चांगल्या खपत होत्या.

कोंबड्या विकणाऱ्या अमेरिकी शेतकऱ्याला यातून काही मिळालं नाही. युरोपने आपलं शुल्क हटवलं नाही. ब्रँडी आणि स्टार्चवरचा जादा कर पुढे यथावकाश गेला, ट्रकवरचा मात्र साठ वर्षांनंतरही कायम राहिला. आणि त्याचा फटका शेवटी कुणाला बसावा? फोर्ड या अस्सल अमेरिकी कंपनीला. तिची ट्रान्झिट कनेक्ट नावाची व्हॅन तुर्कस्तानात तयार व्हायची. मालवाहू गाडी म्हणून आणली तर २५ टक्के कर, प्रवासी गाडी म्हणून आणली तर अडीच टक्के. म्हणून ती मागच्या सीटा आणि खिडक्या बसवून बोटीवर चढवली जायची. अमेरिकी बंदरात उतरली की सीटा उपटायच्या, खिडक्यांच्या जागी पत्रे ठोकायचे आणि मालवाहू व्हॅन म्हणून विकायची. सीमाशुल्क खात्याने हरकत घेतली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०२४ मध्ये फोर्डने ३६.५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. कोंबडीच्या भांडणात ज्यांचा काडीचा संबंध नव्हता असे कामगार वर्षानुवर्षं नव्या कोऱ्या सीटा काढून टाकत होते.

व्यवसायातल्या जवळजवळ प्रत्येक सुडाची घडण मला या प्रकरणात दिसते. ठरवतो एक, मार खातो दुसरा आणि पैसे मोजतो तिसराच. सूड महाग पडतो हे कळत नाही म्हणून माणसं, कंपन्या किंवा सरकारं सूड घेतात, असं मला वाटत नाही. तो महाग पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याच्या हाती निर्णय असतो त्याला तो फुकट पडतो, खरी अडचण तिथे आहे. ‘राग आवरा, दूरचा विचार करा’ असा उपदेश याबाबतीत निरुपयोगी ठरतो तो यामुळेच. सूड घेणारा पुष्कळदा दूरचा विचार करूनच घेत असतो. त्या दूरच्या काळात खर्चाचा आकडा आपल्यासमोर येणार नाही, एवढं त्याला पक्कं माहीत असतं.

देशादेशांतल्या सुडाला निदान राजपत्र असतं. त्यावर तारीख असते, वस्तूंची यादी असते, टक्केवारी असते. कंपनीच्या आतला सूड कागदावर त्या नावाने कधीच येत नाही. एखाद्या कर्मचाऱ्याने वरिष्ठांच्या गैरव्यवहाराची तक्रार केली की दुसऱ्या दिवशी कोणी त्याला हाकलत नाही. आधी एका बैठकीचं आमंत्रण येत नाही. विचारलं तर ‘चुकून राहिलं’ असं उत्तर मिळतं. मग ज्या ईमेलमध्ये त्याचं नाव असायचं तिथून ते गळतं. हातातलं काम ‘तुमच्यावर फार भार आहे’ म्हणून दुसऱ्याकडे जातं. सलग काही वर्षं उत्तम शेरा मिळवणाऱ्या माणसाच्या वार्षिक मूल्यांकनात अचानक ‘संघभावनेचा अभाव’ उगवतो. त्यावर तीन महिन्यांची सुधारणा योजना येते. तिच्यात उद्दिष्टं अशी घातलेली असतात की पुरी होऊच नयेत. सहकारी कॉरिडॉरमध्ये नजर चुकवू लागतात. त्यांचा त्याच्यावर राग नसतो, त्याच्यासोबत दिसणं धोक्याचं आहे एवढं त्यांना उमगलेलं असतं. शेवटी तो स्वतःच राजीनामा देतो आणि फाइलवर नोंद होते: वैयक्तिक कारण. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. यातली एकेक गोष्ट सुटी काढून न्यायालयात नेली तर क्षुल्लक दिसते, आणि ती तशी दिसावी अशीच केलेली असते.

या रीतीने कंपनी काय गमावते, हे चॅलेंजर यानाच्या प्रकरणात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल. २७ जानेवारी १९८६ ची संध्याकाळ. अंतराळयानाचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते युटामधून फोनवर नासाच्या अधिकाऱ्यांशी बोलत होते. दुसऱ्या दिवशी फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार होती. बूस्टरच्या जोडांमधली रबराची कडी थंडीत कडक होते आणि वायू अडवू शकत नाही, हे अभियंत्यांना मागच्या उड्डाणांवरून दिसलं होतं. त्यांच्यातल्या रॉजर बॉइसजोली यांनी तर सहा महिने आधीच लेखी इशारा दिला होता. सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका, असं त्यांनी त्या संध्याकाळी आकडे दाखवून सांगितलं. नासाला ते आवडलं नाही. थायोकॉलच्या व्यवस्थापनाने फोन काही वेळ बंद ठेवून आपसात चर्चा केली. त्या चर्चेत अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगण्यात आलं की आता अभियंत्याची टोपी काढा आणि व्यवस्थापकाची घाला. फोन पुन्हा सुरू झाला तेव्हा सल्ला उलटला होता. फ्लोरिडात हजर असलेले कंपनीचे वरिष्ठ अधिकारी अ‍ॅलन मॅकडॉनल्ड यांनी उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला नकार दिला. सही युटातून दुसऱ्या अधिकाऱ्याने करून फॅक्सने पाठवली. सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सात माणसं गेली.

इथपर्यंतची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. त्यापुढची फारशी सांगितली जात नाही. मॅकडॉनल्ड यांनी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या चौकशी आयोगासमोर त्या रात्री काय घडलं ते सांगून टाकलं. कंपनीने त्यांना खालच्या कामावर बसवलं. बॉइसजोली यांनाही कोपऱ्यात सारलं गेलं, सहकाऱ्यांनी तोंड फिरवलं, आणि ते रजेवर गेले ते परतलेच नाहीत. मॅकडॉनल्ड यांचं प्रकरण अमेरिकी संसदेपर्यंत पोचलं. थायोकॉलला पुढची सरकारी कंत्राटं देऊच नयेत असा प्रस्ताव तिथे आला, तेव्हा कुठे कंपनी नमली. त्यांना पद परत मिळालं आणि बूस्टरचे जोड नव्याने डिझाइन करण्याचं काम त्यांच्याकडे सोपवण्यात आलं. सप्टेंबर १९८८ मध्ये अंतराळयान पुन्हा उडालं ते त्या नव्या जोडांवर.

म्हणजे चूक दुरुस्त करण्याचं ज्ञान ज्या डोक्यात होतं, तेच डोकं कंपनी दाराबाहेर काढायला निघाली होती. संसदेने डोळे वटारले नसते तर ते ज्ञान वाया गेलं असतं. तक्रार करणारा माणूस त्या विषयात बहुधा सगळ्यांत जास्त जाणणारा असतो, कारण बिघाड आधी त्याच्याच नजरेला पडलेला असतो. त्याला घालवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी तर आहेच, शिवाय घरातला एकमेव वैद्य हाकलणंही आहे. खटल्यांचा आणि भरपाईचा हिशेब मांडणारे लोक ही रक्कम कधी धरतच नाहीत.

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीतही हेच घडू पाहत होतं. ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीतल्याच अधिकारी शेरॉन वॉटकिन्स यांनी अध्यक्ष केनेथ ले यांना लेखी कळवलं की हिशेबातले गैरप्रकार कंपनीला खाली खेचतील. त्यांची ले यांच्याशी भेट झाली, आणि भेटीनंतर दोन दिवसांत वकिलांचं मत कंपनीकडे आलेलं होतं. विषय असा की टेक्ससच्या कायद्यात अशा कर्मचाऱ्याला संरक्षण आहे का, काढून टाकलं तर काय होईल. हिशेब तपासण्यापेक्षा बाईंना काढता येईल का हे तपासणं त्या लोकांना निकडीचं वाटलं. चौथा महिना उलटायच्या आत, २ डिसेंबर २००१ रोजी, एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. हजारो कर्मचाऱ्यांची नोकरी गेली आणि एन्रॉनच्याच शेअरमध्ये गुंतलेली निवृत्तीची पुंजीही गेली. वॉटकिन्स यांचं पत्र त्या कंपनीला फुकट मिळालेलं लेखापरीक्षण होतं.

सुडाचा खरा रोख ज्याला शिक्षा होते त्याच्यावर नसतो, तो बघणाऱ्यांवर असतो. एकाला घालवलं की शंभर जण अळीमिळी गुपचिळी करतात. जगभरातल्या फसवणूक-तपासनीसांची संघटना एसीएफई दर दोन वर्षांनी अहवाल काढते. २०२४ च्या अहवालात उघडकीला आलेल्या फसवणुकींपैकी ४३ टक्के कुणीतरी खबर दिल्यामुळे कळल्या होत्या, आणि खबर देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक जण त्याच संस्थेचे कर्मचारी होते. अंतर्गत किंवा बाह्य लेखापरीक्षण या मार्गाच्या जवळपासही पोचत नाही. म्हणजे कंपनीच्या सुरक्षेचं सगळ्यांत प्रभावी साधन म्हणजे बोलायला न घाबरणारा कर्मचारी. लाखो रुपयांची सॉफ्टवेअरं त्याची जागा घेऊ शकत नाहीत. सूड हे साधन मोडतो, आणि मोडलेलं साधन आवाज करत नाही. तक्रारी येणं थांबतं, व्यवस्थापन त्याला शिस्त समजतं.

वेल्स फार्गो बँकेचं उदाहरण याच कारणासाठी नीट पाहावं. खातेदारांना न विचारता त्यांच्या नावे लाखो खाती उघडली गेली, हा घोटाळा सप्टेंबर २०१६ मध्ये जगापुढे आला. त्यावेळचा दंड होता १८.५ कोटी डॉलर. पण लॉस एंजेलिस भागातल्या एका व्यवस्थापकाने वरिष्ठांना आणि बँकेच्या नीतिविषयक हेल्पलाइनला गैरप्रकार कळवले होते आणि त्याची नोकरी गेली होती ती २०१० मध्ये. सहा वर्षं आधी. अमेरिकी कामगार खात्याने २०१७ मध्ये त्याला परत घ्या आणि सुमारे ५४ लाख डॉलर द्या असा आदेश दिला. ही रक्कम मोठी वाटते, पण त्या सहा वर्षांचा हिशेब पाहा. २०२० मध्ये बँकेला सरकारशी ३ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. त्याआधी २०१८ मध्ये फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, वेल्स फार्गोच्या एकूण मालमत्तेला कमाल मर्यादा घातली, ती उठायला जून २०२५ उजाडलं. सात वर्षं प्रतिस्पर्धी वाढत राहिले आणि ही बँक होती तिथेच थांबली. या मर्यादेपुढे दंडाच्या रकमा किरकोळ आहेत. २०१० मध्ये त्या व्यवस्थापकाला काढण्याची शिफारस ज्याने केली, त्याच्या पगारातून यातला एक पैसाही कापला गेला असेल का?

उलट बाजूचं एक उदाहरण ब्रिटनचं आहे. बार्कलेज बँकेत २०१६ मध्ये एका वरिष्ठ नेमणुकीबद्दल निनावी पत्रं आली. मुख्य कार्यकारी अधिकारी जेस स्टेली यांनी पत्र लिहिणारा कोण हे शोधून काढायला बँकेच्या सुरक्षा विभागाला जुंपलं. शोध लागला नाही. तरीही २०१८ मध्ये नियामकांनी स्टेली यांना स्वतःच्या खिशातून भरायचा ६,४२,४३० पौंडांचा दंड केला. ते पदावर राहिले याची मला खंत वाटते. पण दंड संस्थेला न होता माणसाला झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. भागधारकांच्या पैशातून भरलेल्या दंडाने कुणाचीही झोप उडत नाही.

आता एक गंभीर आक्षेप. अन्याय झाला आणि गप्प बसलो तर म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. कंत्राट मोडणाऱ्याला, बाजारात भाव पाडून माल विकणाऱ्याला, करार झुगारणाऱ्या देशाला काहीच किंमत मोजावी लागली नाही तर सरळ वागणारेच मूर्ख ठरतात. हा आक्षेप खरा आहे. १९८० च्या सुमाराला अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी संगणकावर डावपेचांच्या स्पर्धा घेतल्या, तेव्हा मोठमोठ्या तज्ज्ञांच्या गुंतागुंतीच्या डावांना अनातोल रॅपोपोर्ट यांचा सगळ्यांत साधा डाव भारी पडला: पहिल्यांदा सहकार्य करा, मग समोरचा जसा वागेल तसं वागा. जशास तसे.

पण त्या स्पर्धेत काय काय गृहीत होतं ते आठवलं पाहिजे. खेळाडू दोनच, दोघं समान ताकदीचे, कोणी काय केलं याबद्दल शंका नाही आणि मार नेमका ज्याने केलं त्यालाच. यात थोडा जरी गैरसमज मिसळला तरी दोन ‘जशास तसे’ खेळाडू एकमेकांना अखंड फटके देत बसतात. तिथे अधूनमधून माफ करणारा डाव सरस ठरतो, हे पुढच्या संशोधनाने दाखवलं. शिवाय आपण दिलेला फटका आपल्याला हलकाच वाटतो. २००३ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी दोघादोघांना समोरासमोर बसवलं आणि एकमेकांच्या बोटावर दाब द्यायला सांगितलं. सूचना एकच: जितका दाब तुम्हाला जाणवला तितकाच परत द्या. प्रत्येक पाळीला दाब सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला. कोणीही लबाडी करत नव्हतं. दोघांनाही प्रामाणिकपणे वाटत होतं की आपण बरोबरी करतोय, वाढवतोय तो समोरचा.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिका आणि चीन यांनी हाच प्रयोग जगाच्या व्यापारावर केला. अमेरिकेने चिनी मालावरचं आयात शुल्क ३४ टक्क्यांनी वाढवलं, चीनने अमेरिकी मालावर ३४ टक्के लावलं. मग दोघं ८४ वर गेले, मग १२५ वर. आधीचे २० टक्के धरून अमेरिकेचा आकडा १४५ झाला. हे सगळं सुमारे दहा दिवसांत. १२ मे रोजी जिनिव्हात दोघांनी आपापले आकडे ११५ अंकांनी खाली आणले, म्हणजे ३० आणि १० वर. मधल्या आठवड्यांत ज्यांचे कंटेनर समुद्रात होते, ज्यांनी ऑर्डरी रद्द केल्या, ज्यांच्या कारखान्यात पाळ्या बंद पडल्या, त्यांचं नुकसान मात्र कुणी ११५ अंकांनी खाली आणून दिलं नाही.

त्याआधीच्या फेरीतला सोयाबीनचा किस्सा तर आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्याचा आहे, आणि नाकं दोन्हीकडची कापली गेली. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या शुल्काला उत्तर म्हणून चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के कर लावला. गिऱ्हाईक ब्राझीलकडे वळलं. अमेरिकी शेतकऱ्यांना सावरायला सरकारने २०१८ आणि २०१९ मिळून २८ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. ती अर्थात करदात्यांच्या पैशातून. एकदा तुटलेलं गिऱ्हाईक मदतीने परत येत नाही, कारण दरम्यान दुसरीकडे जमिनी लागवडीखाली आलेल्या असतात, नवे करार झालेले असतात. अमेरिकेने चिनी मालावर लावलेल्या शुल्काचा जवळजवळ सगळा बोजा अमेरिकेतल्याच आयातदारांवर पडला, असं त्या काळातल्या किमती तपासणाऱ्या अर्थतज्ज्ञांना आढळलं.

विमानांच्या भांडणातही हेच झालं. एअरबस आणि बोइंग यांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानांवरून अमेरिका आणि युरोप २००४ पासून जागतिक व्यापार संघटनेत भांडत होते. २०१९ मध्ये अमेरिकेला वर्षाला साडेसात अब्ज डॉलरच्या मालावर प्रतिशुल्क लावायची परवानगी मिळाली आणि तिने इतर वस्तूंबरोबर स्कॉटलंडच्या सिंगल माल्ट व्हिस्कीवर २५ टक्के कर बसवला. डोंगराळ भागातल्या भट्ट्यांनी विमानाचा एक स्क्रूही बनवलेला नव्हता. आणि हे चुकून झालेलं नाही. ज्याची ओरड लवकर ऐकू जाईल, ज्याच्या मतदारसंघात निवडणूक अटीतटीची असेल, असा माल शोधून याद्या तयार करणं हे व्यापारी सुडाचं मान्य तंत्र आहे. निरपराध माणूस हा त्यात अपघाताने सापडत नाही, तो निवडला जातो. मला हे फार अस्वस्थ करतं. कंपनीत एका तक्रारदाराला उदाहरण म्हणून निवडणं आणि व्यापारात एका भट्टीला उदाहरण म्हणून निवडणं, यांच्यामागची बुद्धी एकच आहे.

त्यातही हे हत्यार फक्त बलवानाच्या हातात चालतं. अँटिग्वा आणि बार्बुडा या चिमुकल्या देशाने ऑनलाइन जुगाराच्या प्रकरणात जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध खटला जिंकला. २००७ मध्ये त्याला वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंत प्रत्युत्तराचा हक्क मिळाला. पण अमेरिकेतून येणाऱ्या मालावर शुल्क लावायचं म्हणजे बेटावरच्या लोकांनाच सगळं महाग करायचं. अमेरिकेला त्याचा पत्ताही लागला नसता. हक्क कागदावर राहिला. नोकरी गमावलेला कर्मचारी आणि त्याची कंपनी यांचं नातं असंच असतं. बरोबरीच्यांमधला ‘जशास तसे’ हा नियम इथे लावताच येत नाही, आणि तरी कंपन्यांचे वकील ‘दोन्ही पक्षांनी संयम ठेवावा’ अशी भाषा वापरतात.

प्रत्युत्तर कधी योग्य ठरतं, याचं मला पटणारं उदाहरण ब्राझीलच्या कापसाचं आहे. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना बेकायदा अनुदान देते, ही ब्राझीलची त्याच संघटनेकडची तक्रार २००२ ची. तो जिंकला, तरी अमेरिकेने अनुदान पुरतं हटवलं नाही. २००९ मध्ये लवादाने नुकसान मोजून दिलं. मार्च २०१० मध्ये ब्राझीलने शंभरांहून अधिक अमेरिकी वस्तूंची यादी जाहीर केली आणि शुल्क कधीपासून लागेल तेही सांगितलं. ती तारीख यायच्या आत अमेरिकेने वर्षाला १४.७३ कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला द्यायचं कबूल केलं, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन वाद संपला. शुल्क एक दिवसही लागलं नाही. हा निकाल निर्मळ होता असं नाही. अमेरिकी करदाता आपल्या आणि परक्या अशा दोन्ही शेतकऱ्यांना पैसे देत बसला. पण तिथे रक्कम तिसऱ्याने मोजली होती, कृती आधी सांगितलेली होती आणि समोरच्याला बाहेर पडायला दार ठेवलेलं होतं. बोटावरच्या दाबाच्या प्रयोगात नेमकी हीच तिसरी व्यक्ती नव्हती. डिसेंबर २०१९ पासून जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ ठप्प आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. मोजणारा गेला. आता प्रत्येक देश आपल्या बोटाला जेवढं दुखेल तेवढं मोजतो.

तक्रारदाराच्या बाबतीत मात्र ‘योग्य प्रमाणात प्रत्युत्तर’ अशी गोष्टच असू शकत नाही, कारण त्याने नुकसान केलेलंच नसतं, ते दाखवलेलं असतं. खोट्या तक्रारी येतात, हे मला मान्य आहे. स्वतःचं वाईट काम झाकायला तक्रारीची ढाल पुढे करणारेही असतात. त्यांची चौकशी व्हावी आणि जाणूनबुजून खोटं बोललेल्यावर कारवाईही व्हावी. पण तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याने, किंवा त्याच्या हाताखालच्याने, तक्रारदाराचं मूल्यांकन, बदली, बढती आणि बडतर्फी यांतल्या एकाही कागदाला हात लावता कामा नये. एवढा एक नियम प्रामाणिकपणे पाळला तरी निम्मे सूड जागच्या जागी थांबतील. उरलेल्यांसाठी पुराव्याचं ओझं फिरवावं. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात तशी तरतूद आहे: तक्रारीनंतर कर्मचाऱ्याचं नुकसान झालं, तर ते तक्रारीमुळे झालेलं नाही हे मालकाने सिद्ध करायचं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये यूबीएस या बँकेविरुद्धच्या खटल्यात म्हटलं की मालकाच्या मनात सुडाचा हेतू होता हे कर्मचाऱ्याने सिद्ध करण्याची गरज नाही. तक्रार हे कारवाईमागचं एक कारण होतं एवढं पुरे. मन उघडून दाखवता येत नाही, तारखा दाखवता येतात. त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये मात्र एक निकाल असा दिला होता की डॉड-फ्रँक या वित्तीय सुधारणा कायद्याचं सूडविरोधी संरक्षण शेअर बाजाराच्या नियामकाकडे तक्रार करणाऱ्यालाच मिळेल, फक्त कंपनीच्या आत सांगणाऱ्याला नाही. कंपनी तो खटला जिंकली. पण त्यातून प्रत्येक शहाण्या कर्मचाऱ्याला संदेश मिळाला की साहेबांना सांगू नका, थेट सरकारकडे जा. कंपन्यांना हेच हवं होतं का?

भारतात परिस्थिती याहून बिकट आहे. पेट्रोलमधल्या भेसळीवरून पंपावर कारवाई करणारे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांचा २००५ मध्ये लखीमपूर खिरीत खून झाला. रॅनबॅक्सीतल्या औषधांच्या खोट्या आकडेवारीकडे बोट दाखवणाऱ्या दिनेश ठाकूर यांना २००५ मध्ये कंपनी सोडावी लागली. आठ वर्षांनी त्याच कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. त्यानंतर वर्षभरात, मे २०१४ मध्ये, गैरव्यवहार उघड करणाऱ्या जागल्यांच्या संरक्षणाच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. दहा वर्षं उलटली तरी तो लागू करणारी अधिसूचना निघाली नव्हती. शिवाय तो सरकारी सेवकांच्या गैरव्यवहारापुरता. खासगी कंपनीतल्या माणसासाठी कंपनी कायद्याने सांगितलेली अंतर्गत यंत्रणा तेवढी आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात तिच्याबद्दल दरवर्षी एक ठरावीक वाक्य छापलेलं असतं: लेखापरीक्षण समितीपर्यंत पोचण्यापासून कोणालाही रोखलेलं नाही.

त्या वाक्याच्या खाली आणखी एक तक्ता छापावा, अशी माझी मागणी आहे. मागच्या तीन वर्षांत किती जणांनी तक्रार केली, त्यांतले आज किती जण कंपनीत आहेत, किती जणांना बढती मिळाली, किती जणांची बदली झाली, किती जणांनी वैयक्तिक कारणासाठी राजीनामा दिला, आणि हेच आकडे बाकीच्या कर्मचाऱ्यांबाबत काय आहेत. नावं नकोत, नुसते आकडे. ज्यांच्याविरुद्ध तक्रारी सिद्ध झाल्या त्यांचं पुढे काय झालं तेही शेजारी द्यावं. भागधारकाला नफ्याची टक्केवारी कळते, संचालकांचं मानधन कळतं. कंपनीत खरं बोलणाऱ्याचं आयुष्य किती असतं हे कळण्याचाही त्याला हक्क आहे. हे आकडे मनुष्यबळ विभागाच्या नोंदींत आजही पडलेले आहेत आणि ते छापायला संचालक मंडळाचा एक साधा ठराव पुरतो.